स्लॅब पडला

एकदा एका तालुक्याच्या गावात भांड्यांचा एक व्यापारी राहत होता, आणि त्याच्या बायकोला भिंतीत एक खिळा ठोकायचा होता. इच्छा एवढीच. पण दुकान भाड्याचे, दुकानामागच्या दोन खोल्याही भाड्याच्या, आणि घरमालकाची पहिली अट अशी की भिंतीला खिळा लागता कामा नये. त्यामुळे कुमुदबाईंच्या लग्नातला फोटो वर्षानुवर्षे कपाटाला टेकून जमिनीवर उभा होता. केर काढताना त्या तो उचलत, पदराने पुसत आणि पुन्हा तिथेच ठेवत. ज्यांनी भाड्याच्या घरात दिवस काढले आहेत त्यांना यापुढे काही सांगायला नको. ज्यांनी काढले नाहीत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.

गंमत अशी की गावातल्या निम्म्या मुली सासरी जाताना याच व्यापाऱ्याच्या दुकानातली भांडी घेऊन गेल्या होत्या. इतरांचे संसार त्याने मांडून दिले, स्वतःचा तेवढा राहिला. अखेर गावाबाहेर त्याने एक जागा घेतली आणि पाया खणला. शेजारीच, जन्मभर पाठशाळेत शिकवून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गुरुजींचे बैठे घर होते. त्यांच्याकडे एक शिष्य ज्योतिष शिकायला राहिला होता. मुलगा तिशीच्या आतला, हुशार, आणि त्या हुशारीचे थोडे अजीर्ण झालेला.

पाया झाला, खांब उभे राहिले. कुमुदबाई रोज संध्याकाळी यायच्या आणि खांबांना पाणी मारायच्या. ते काम ठेकेदाराच्या माणसांचे होते; त्यांनी ते आनंदाने बाईंना देऊन टाकले. पाणी मारून झाले तरी बाई निघत नसत. वाळूच्या ढिगावर बसून, माहेरचे माणूस येणार असलेल्या वाटेकडे बघावे तशा त्या खांबांकडे बघत राहायच्या. कधी स्वतःशीच हसायच्या, कधी डोळे पुसायच्या. इतकी वर्षे मनात दडपून ठेवलेली ओढ आता कुठे तरी ठेवायला त्यांना जागा मिळाली होती.

शिष्याने एकदा विचारले, "गुरुजी, या काकू तासन् तास काय बघतात? तिथं तर काहीच नाही."

"तू बघतोस तिथं नाहीच काही," गुरुजी म्हणाले आणि पुन्हा वाचू लागले.

काही आठवड्यांनी व्यापारी गुरुजींकडे आला. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे फळ्या-टेकूंचे काम, पुरे होत आले होते.

"गुरुजी, स्लॅबसाठी एक चांगला दिवस काढून द्या."

गुरुजींनी पंचांग उघडले, क्षणभर पाहिले आणि मिटले. "बांधकामाचा विमा उतरवलाय का?"

व्यापारी हसला. "दुकानाचा आहे की. घराचा घर झाल्यावर उतरवू. जे अजून झालंच नाही, त्याचा विमा कसला? पोर पोटात असताना कुणी त्याला शाळेत घालतं का?"

"शाळेत घालत नाहीत. पण जपतात ना?"

"ते निराळं. आणि काळी बाहुली टांगलीय मी खांबाला, चांगली मोठी."

"बाहुली राहू द्या. माझी दक्षिणा मात्र मला आधी हवी," गुरुजी म्हणाले. "पैसे नकोत, नारळ नको. विमा उतरवून या. तोवर मी मुहूर्त सांगणार नाही."

व्यापारी तोंड वाकडे करून गेला. शिष्याला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. "गुरुजी, मुहूर्त आपण काढणार म्हणजे तो शुभच असणार. मग विमा कशाला? लोक म्हणतील, गुरुजींचा स्वतःच्या पंचांगावरच विश्वास उरला नाही."

"म्हणू देत," गुरुजी म्हणाले आणि देवपूजेसाठी फुले काढायला निघून गेले. शिष्य दिवसभर धुमसत राहिला.

चार दिवसांनी व्यापारी आला तो जरा वरमून. "गुरुजी, घराचा विमा म्हणजे एकच, असं मी धरून चाललो होतो. तर राहत्या घराचा निराळा असतो, आणि घर बांधून होईपर्यंतचा हा निराळा. विमा कंपनीवाले म्हणाले, पाया खणायच्या आधीच यायला हवं होतं, तुम्ही उशीर केलात. येऊन सगळं काम बघून गेले, मगच विमा दिला. यात अर्धवट बांधकाम येतं, जागेवर आणून टाकलेलं लोखंड-सिमेंट येतं, सेंटरिंग येतं, रस्त्यानं जाणाऱ्याला काही लागलं तर तेही येतं. ठेकेदारानं कच्चं काम केलं, तर मात्र ते त्याचं त्यानं निस्तरायचं. आणि एक गोष्ट मला उमगेना. किंमत त्यांनी आजच्या खांबांची नाही धरली. पुरं घर उभं राहील, त्याची धरली."

"म्हणजे त्यांनाही तुमचं घर दिसलं," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मुहूर्त सांगितला.

स्लॅबचा दिवस उजाडला. आपल्याकडे त्या दिवशी कामगारांना गोडाचे जेवण घालतात. कुमुदबाईंनी पहाटेपासून खपून स्वयंपाक केला, तो टेंपोतून जागेवर पाठवला, आणि त्या घरीच थांबल्या. कारण स्लॅब झाल्याची बातमी आली की लगेच गल्लीत पेढे वाटायचे होते. दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला. त्याचा आवाज आनंदाने फाटला होता.

"अगं, स्लॅब पडला!"

मराठी माणसाला यात काही खटकत नाही. स्लॅब ओतून झाला की आपण तो ‘पडला’ असेच म्हणतो. कुमुदबाई पेढ्यांचे ताट घेऊन दारोदार हिंडल्या. स्लॅब पडला हो आमचा, स्लॅब पडला, म्हणत त्यांनी घरमालकालासुद्धा दोन पेढे दिले.

इकडे कामगार शेजारच्या मोकळ्या जागेत पंगत मांडून जेवायला बसले होते. व्यापारी वाढत होता. तेवढ्यात पाण्याचा एक टँकर आला. चालकाने उतारावर तो मागे घेतला, तो आवरला नाही, आणि मागचा भाग थेट सेंटरिंगच्या टेकूंवर गेला. टेकू सरकले आणि ओला स्लॅब खांबांना ओढत खाली आला. खाली कोणी नव्हते. सगळ्यांची ताटे समोर होती, म्हणून माणसे वाचली. व्यापारी हातात श्रीखंडाचे पातेले धरून उभाच राहिला. आवाज ऐकून बाहेर आलेल्या गुरुजींनी शिष्याला कुमुदबाईंकडे धाडले.

शिष्य धावत गल्लीत पोहोचला. कुमुदबाई रिकामे होत आलेले ताट घेऊन दारातच होत्या.

"काकू," तो धापा टाकत म्हणाला, "स्लॅब पडला."

"कळलं रे बाबा, केव्हाच कळलं!" त्या हसल्या, आणि त्यांनी त्याच्या तळहातावर पेढा ठेवला.

शिष्याने आजवर बरेच ग्रंथ वाचले होते. त्या क्षणी त्याला दुसरा शब्द सापडेना. तो पेढा हातात धरून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"तसा नाही हो, काकू. पडला."

कुमुदबाईंनी ताट उंबऱ्यावर ठेवले. "कुणी खाली होतं?" त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्या तिथेच खाली बसल्या.

संध्याकाळी शिष्य गुरुजींपुढे येऊन बसला. "गुरुजी, आपल्याला हे आधी कळलं होतं का?"

"नाही. मला कळत असतं तर टँकर नसता का अडवला?" गुरुजींचा आवाज थकलेला होता. "मुहूर्त माणसाच्या मनाला टेकू देतो, स्लॅबला नाही. मला ठाऊक होतं ते एवढंच, की आपल्या भाषेत स्लॅब होतो तेव्हाही पडतो आणि जातो तेव्हाही पडतो. त्या दोन पडण्यांच्या मधला काळ फार नाजूक असतो. वाळू होती तेव्हा ती वाळू होती, चोरीला गेली असती तर कुणी रडलं नसतं. घर पुरं होईल तेव्हा ते स्वतःच्या पायांवर उभं राहील. मधल्या काळात ते फक्त माणसाच्या इच्छेवर उभं असतं. आणि नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, अजून झालंय कुठं, त्याला काय जपायचं! अरे, जे झालं नाही ते नसतं असं नाही. त्या बाईचं घर पाया खणायच्या कितीतरी आधीपासून होतं. विमा तिला ते घर देणार नाही. पुन्हा वाट पाहू लागण्याची ऐपत देईल, बस. मी दक्षिणा मागितली ती त्यासाठी."

शिष्य खाली मान घालून ऐकत होता. मुहूर्ताबद्दल त्याने पुन्हा काही विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात विमा कंपनीचा माणूस पाहणी करायला आला. वागायला सभ्य, कामाला चोख. त्याने ढिगाऱ्याभोवती फेरी मारली, फोटो काढले, आणि टँकरच्या धक्क्याने झालेला अपघात म्हणून नोंद केली. स्लॅब, वाकलेले खांब, सेंटरिंग, ढिगारा उचलण्याचा खर्च, हे सगळे मिळेल असे त्याने सांगितले. व्यापाऱ्याने सुस्कारा सोडला. कुमुदबाई बाजूला उभ्या होत्या.

"आणखी काही नुकसान?" त्या माणसाने रीतीप्रमाणे विचारले.

कुमुदबाई पुढे आल्या. एका कोपऱ्यात, जिथे नुसत्या सळया वाकून पडल्या होत्या, तिकडे त्यांनी हात केला. "तिथं माझं स्वयंपाकघर होतं."

तो माणूस गोंधळला. त्याने नकाशा पाहिला, मग कोपरा पाहिला. "ताई, तिथं स्वयंपाकघर झालेलं नव्हतं. भिंतसुद्धा नव्हती."

"होतं," व्यापारी म्हणाला.

त्याचा आवाज इतका हळू होता की त्या माणसाला पुन्हा विचारावे लागले.

"होतं हो. मी तिला तिथं रोज बघत होतो. मीच उशिरा ओळखलं." त्याने डोळे टिपले. "तुम्ही फक्त खांब लिहा साहेब. त्याचं काही देता येणार नाही, ते ठाऊक आहे मला."

त्या माणसाने मान हलवली आणि खांब लिहिले. तो गेल्यावर दोघे तिथेच उभे राहिले. मग व्यापाऱ्याने बायकोला विचारले, "पुन्हा तिथंच धरायचं ना स्वयंपाकघर?"

कुमुदबाईंनी कोपऱ्याकडे नीट पाहून घेतले.

"तिथंच," त्या म्हणाल्या. "पण या वेळी खिडकी जरा मोठी ठेवा."