अंगठ्याखालचा अनोळखी

उकिडवे सर स्वतः कधीच चुकत नसत, चुकायचे ते विद्यार्थी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांनी वृषालीला ओळखायला एका अनोळखी जिवाणूची नळी दिली. देताना कापसाचा बोळा काढला, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि ती खळखळून हलवली. वृषालीने ते पाहिलं, पण परीक्षकाला सांगणार कोण?

चार दिवस तपासून तिने लिहिलं, “नळीत दोन जिवाणू आहेत. एक आतड्यातला ई. कोलाय, दुसरा कातडीवरचा, सोनेरी ठिपक्यांचा.”

“मी एकच घातला होता!” सर कडाडले. “दुसरा तुझ्या घाणेरड्या हातांचा.” आणि फळ्यावर तिच्या नावापुढे त्यांनी ‘नापास’ लिहिलं.

वर्ष हातचं जाणार होतं. वृषालीने जिवाणू वाढवायच्या दोन बशा पुढे केल्या. “सर, एकीत माझी बोटं टेकवते. दुसरीत तुमचा अंगठा टेकवाल?”

दोन दिवसांनी तिच्या बशीत पांढरे ठिपके उगवले, सरांच्या बशीत सोनेरी.

सरांनी बशी पाहिली, मग अंगठा पाहिला. “म्हणजे हा अनोळखी...”

“अनोळखी मला, सर,” वृषाली हळूच म्हणाली. “तुमच्या तर अंगाखांद्यावर खेळलाय.”

सर खो खो हसले आणि त्याच अंगठ्याने त्यांनी फळ्यावरचा ‘ना’ पुसून टाकला.