सातव्या वळणावरचा श्वास

चिरेखिंडीच्या घाटात डांबर पडले नव्हते आणि माथ्यावरच्या देवीला मोटारीचा आवाज नवा होता, त्या काळातील ही हकीकत आहे. घाटाच्या पायथ्याशी चिरेवाडी हे लोहारांचे गाव. तेथे बयाक्का नावाची एक लोहारीण होऊन गेली. लोहाराच्या घरात पुरुष घण मारतो आणि बाई भाता ओढते. बयाक्काने सहाव्या वर्षी भात्याची दोरी धरली आणि हळूहळू तिला आगीचे मन कळू लागले. ज्वाळेच्या रंगावरून ती वारे कमी की अधिक हे सांगे. डोळे मिटले तरी गालावरच्या धगीवरून सांगे, असे म्हणतात.

घाटाचा रस्ता फोडला जात असता, पाथरवटांच्या छिन्न्यांना धार लावता लावताच तिच्या बापाने प्राण सोडला. धाकट्या नाथाला मग तिनेच वाढवले. रस्ता झाला. त्यावर दर माघात शहरातील हौशी मोटारवाल्यांची चढाईची शर्यत होऊ लागली. बक्षीस काही नसे. जिंकणाऱ्याचे नाव माथ्यावरच्या काळ्या शिळेवर कोरीत, एवढेच. त्या शिळेवर चिरेवाडीचे एकही नाव नव्हते. तरणाबांड झालेल्या नाथाच्या मनाला ते सलत राहिले.

जवळच्या संस्थानाच्या पागेत शर्यतीची एक जुनी मोटार गंजत पडली होती. नाथाने ती मागितली आणि बैल जुंपून घरी आणली. तिच्या इंजिनावर सुपरचार्जर होता. बयाक्काने ते यंत्र उघडले. आत उसाच्या चरकातल्यासारखे दोन लाट, म्हणजे रूळ, होते. ते एकमेकांत गुंतून फिरत, पण एकमेकांना शिवत नसत, आणि बाहेरचे वारे इंजिनाच्या पोटात कोंबीत.

"अरे नाथा," ती म्हणाली, "हा तर भाताच!"

तीन वर्षे ती दोघे त्या इंजिनापाशी खपली. आतले पिस्टनचे दट्टे फुटले होते. गावाने घरटी एक जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, भांडे दिले; ते वितळवून तिने नवे दट्टे ओतले. दोन लाटांमधील फट तिने पिंपळाच्या जाळीदार पानाने मापली. इंजिन चालवावे, थांबवावे, ठिणगीचा प्लग काढून पाहावा, असा तिचा क्रम असे. प्लगवर काजळी धरली तर वारे कमी. तो चुन्यासारखा पांढरा पडला तर वारे अधिक. अखेर एके सकाळी त्यावर भाजल्या विटेचा रंग उतरला.

"आता ह्याला कुणी हात लावायचा नाही," बयाक्का म्हणाली. त्या दिवशी घाटातली वाळलेली पाने उतार सोडून चढाकडे निघाली, असे म्हणतात.

चिरेवाडीच्या लोहारांचा एक जुना नेम होता. खंडेनवमीला हत्यारे पुजताना गावातल्या मृत माणसांची नावे भट्टीपुढे घेत. परंतु दुसऱ्याने लावलेल्या भात्याला ज्याने चोरून हात लावला, त्याचे नाव कायमचे गाळीत. चोरून वाढवलेल्या वाऱ्याने पूर्वी एकदा भट्टी फुटली होती आणि तीन माणसे गेली होती, म्हणून हा नेम. नाव गळणे म्हणजे दुसऱ्यांदा मरणे, असे तेथे मानीत.

शर्यतीचा दिवस उजाडला. शहरातला एक रुबाबदार मोटारवाला इंजिनात डोकावून म्हणाला, "गावाची पातेली आहेत म्हणे ह्याच्या पोटात! आमटी उतू जाईल हो, आक्का!"

"उतू जायला आधी आमटी लागते, दादा," बयाक्का म्हणाली. "तुमच्याकडं नुसती फोडणीच दिसते."

सारे हसले. नाथा हसला नाही.

"आक्का, आणखी थोडं वारं देऊ या," तो म्हणाला.

"आगीला पचेल तेवढंच वारं द्यावं, बाबा. जास्त झालं की ती कोळसा सोडून लोखंडच खाते."

ती माथ्यावरच्या देवीपुढे नारळ फोडायला गेली. तेवढ्यात नाथाने सुपरचार्जरचा भाता फिरवणारी कप्पी काढली आणि स्वतः गुपचूप घडवलेली लहान कप्पी चढवली. कप्पी लहान, म्हणून भाता अधिक वेगाने फिरणार. वारे अधिक, म्हणून बळही अधिक. सहा वळणे मोटार विजेसारखी चढली. सातव्या वळणावर दट्ट्या वितळला, आगीचा लोळ उठला आणि मोटार कड्यावर आदळली. नाथा गेला.

बयाक्का माथ्यावरून धावत आली. भावाचे डोके मांडीवरून खाली ठेवल्यावर तिने इंजिनाकडे पाहिले. प्लग काढला. तो चुन्यासारखा पांढरा होता. मग तिला कप्पी दिसली. प्रत्येक लोहार आपल्या कामावर आपली खूण ठोकतो. त्या कप्पीवर नाथाची चंद्रकोर होती. माणसे पोहोचण्यापूर्वी तिने ती काढून ओच्यात लपवली.

गावचा कारभारी गणोबा लोहार धापा टाकीत वर आला. "बये, काय झालं गं?"

जन्मात खोटे न बोललेली ती बाई म्हणाली, "वारं मी जास्त दिलं. चूक माझी."

तेव्हा घाटातला वारा थांबला, असे म्हणतात.

नाथाचे नाव राहिले. बयाक्काच्या भट्टीकडे मात्र कोणी फिरकेना. "गावाची भांडी घेतली नि गावाचं पोरही घेतलं," असे बाया पाणवठ्यावर तिला ऐकू जाईल असे बोलत. ती घागर भरी आणि निघून जाई. वितळलेल्या दट्ट्यासाठी या वेळी तिने कोणापुढे हात पसरला नाही. घरातले शेवटचे पातेले वितळवले आणि वर्षभर मडक्यात शिजवून पानावर खाल्ले. कप्पी मात्र पहिलीच, मोठी, बसवली.

पुढच्या माघात ती स्वतः मोटारीत बसली. सातव्या वळणावर तिने पाय उचलला. एक पूर्ण श्वास इंजिन मोकळे सोडले.

"संपली! गेली!" लोक ओरडले.

परंतु भाता ओढणाऱ्याला ठाऊक असते की एक ओढ रिकामी सोडली की पुढच्या ओढीला भट्टी दुपटीने पेटते. तिने पाय दाबला. उरलेली पाच वळणे मोटार अशी चढली की माथ्यावरच्या माणसांना आधी ती दिसली आणि मग तिचा आवाज ऐकू आला, असे म्हणतात.

ती जिंकली. छिन्नी घेऊन बसलेल्या पाथरवटाने विचारले, "काय नाव कोरू?"

"नाथा लोहार, चिरेवाडी."

"पण मोटार तुम्ही चालवलीत ना?"

"भाता ओढणाऱ्याचं नाव कधी कोरतात का, दादा?"

गावाला वाटले, पापाचे प्रायश्चित्त घेते आहे. तिने ते इंजिन पुन्हा सुरू केले नाही. चाळीस वर्षे ती एकटी राहिली आणि एका दुपारी भात्यापाशी बसल्या बसल्या शांत झाली.

तिचे दिवसकार्य झाले. जुन्या भात्याचे कातडे बदलायला गणोबाने तो उकलला, तेव्हा आतून एक लहान कप्पी पडली. म्हाताऱ्याने अंगठ्याने काजळी पुसली. चंद्रकोर दिसली. त्याने ती गावापुढे ठेवली. त्या दिवशी चिरेवाडीत एकही चूल पेटली नाही.

खंडेनवमी जवळ आली होती. कोणीतरी चाचरत म्हणाले, "गणूतात्या, नेमानं आता नाथाचं नाव गाळायला हवं."

"गाळा की," गणोबा म्हणाला. "पण ते नाव तिनं आपल्या नावाखाली झाकून ठेवलंय. गाळायचं तर आधी तिचं उचलावं लागेल. आहे कुणाची छाती?"

 त्याने ती कप्पी पुन्हा भात्यात शिवून ठेवली.

तेव्हापासून खंडेनवमीला भट्टीपुढे बयाक्का आणि नाथा ही दोन नावे एका श्वासात घेतात. मध्ये थांबत नाहीत. घाट चढणारा प्रत्येक चालक, मग तो एसटीचा असो वा उसाच्या ट्रकचा, सातव्या वळणावर क्षणभर पाय उचलतो. माघातली शर्यत अजून होते. त्या वळणावर घड्याळ घेऊन गावचा एक माणूस उभा असतो, आणि तेवढा एक श्वास शर्यतीच्या वेळेत धरीत नाहीत.

एका वर्षी एकाने पाय उचलला नाही. तो सर्वांत कमी वेळात माथ्यावर पोहोचला. शिळेवर त्या वर्षाची जागा कोरी आहे.