आधी बोंजूर

एकदा एका बंदरगावी एक वृद्ध शास्त्रीबुवा आणि त्यांचा शिष्य राहत होते. शिष्य बुद्धिमान होता, पण इतका संशयी की दुधाने तोंड कधी पोळले नसतानाही ताक फुंकून प्यायचा. भाजीवाली हसली तरी त्याला वाटे, हिने वजनात मारलेले दिसते.

अलीकडे शास्त्रीबुवांची दृष्टी अधू झाली होती. दारात कोणी उभे राहिले तर नुसती सावली दिसे. एका जुन्या पोथीचा शेवटचा अध्याय शिकवायचा राहिला होता आणि तिची लिपी त्यांच्याखेरीज कोणालाच वाचता येत नव्हती. चष्मा मिळाला नाही तर ती विद्या त्यांच्याबरोबरच जाणार, या धास्तीने शिष्याची झोप उडाली.

बंदरावर एका फ्रेंच व्यापाऱ्याचे भिंगांचे आणि चष्म्यांचे दुकान होते. शिष्य तडक आत शिरला. "म्हाताऱ्या माणसासाठी चष्मा आहे का? केवढ्याला?"

व्यापाऱ्याने वर पाहिले आणि म्हणाला, "बोंजूर."

"अहो, चष्मा! चष्मा पाहिजे!" शिष्याने डोळ्यांपुढे बोटांची वर्तुळे धरून दाखवली.

"बोंजूर," व्यापारी पुन्हा शांतपणे म्हणाला आणि हातातले भिंग पुसत राहिला.

शिष्य फणफणत परतला. "गुरुजी, तिथं नक्की पाणी मुरतंय. माल समोर आहे, पण दाखवत नाही. भाव चढवायचा डाव आहे. आणि तो शब्द म्हणजे आतल्या नोकराला खूण असणार!"

"असं म्हणतोस? उद्या मला घेऊन चल," शास्त्रीबुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या उंबरठ्यावर थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "बोंजूर." व्यापारी ताडकन उठला, "बोंजूर!" म्हणत पुढे आला आणि त्यांना खुर्ची दिली. मग त्या परक्या भाषेत दोघांच्या गप्पा रंगल्या. शास्त्रीबुवा मनमुराद हसले, उठले आणि चष्म्याचे नावही न काढता बाहेर पडले.

शिष्याचे डोके भणभणले. गुरुजींना ही भाषा येते? मग आजवर लपवली का? या दोघांचे आतून काही ठरले तर नाही ना? की शेवटचा अध्याय गुरुजींना शिकवायचाच नाही? घरी पोचताच त्याने हे सारे बोलून टाकले.

शास्त्रीबुवा रागावले नाहीत. "तरुणपणी मी पुदुच्चेरीत दुभाषी होतो. तू कधी विचारलं नाहीस. चष्मा मागितला नाही, कारण तो तू आणायचा आहेस. बोंजूर म्हणजे दिवस शुभ असो, बस्स. पण त्यांच्याकडे दुकानात शिरताना, शेजाऱ्याला भेटताना आधी हा शब्द, मग काम. तो न उच्चारता काही मागितलं, तर समोरच्याला वाटतं, याला माझी वस्तू दिसली, मी दिसलो नाही. तो भाव चढवत नव्हता. तू त्याच्याकडे पाहशील म्हणून थांबला होता."

"पण मला हे कसं कळावं? आपल्याकडे कुठं अशी रीत आहे?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "आपल्याकडे पाठाआधी गुरूला नमस्कार करतात. माझी नजर गेल्यापासून तू तो करत नाहीस. दारात सावली येते आणि 'आज पुढचं सांगा' म्हणते. नजर माझी गेली, बाळा, पण दिसेनासं तुला झालं."

शिष्याची मान खाली गेली. यांना थोडेच दिसणार आहे, असे म्हणत त्याने नमस्कार सोडला होता. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्याला स्वतःचा संशय मात्र कधी आला नव्हता. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

सकाळी तो पुन्हा दुकानाशी गेला. उंबरठ्यावर थांबून, अडखळत, त्याने "बोंजूर" म्हटले. व्यापाऱ्याचा चेहरा खुलला आणि चष्म्यांची पेटी लगेच समोर उघडली गेली.

घरी पावलांची चाहूल लागताच शास्त्रीबुवांनी आतुरतेने हात पुढे केला. "आणलास? दे बरं."

"थांबा, गुरुजी," शिष्य म्हणाला. त्याने चष्मा बाजूला ठेवला आणि त्यांना अजून नुसती सावलीच दिसत असताना त्यांच्या पायांवर डोके टेकले. मग चष्मा त्यांच्या हाती दिला आणि पोथी उघडली.