बशीत वाढलेली माशी

उसाच्या फडाशेजारी प्रयोगशाळा नुकतीच उघडली होती, तेव्हाची ही गोष्ट. ऊस पोखरणाऱ्या अळ्यांचा नायनाट करायला तिथे माश्या पाळत. या माश्यांची पिल्लं अळीच्या अंगात शिरून तिलाच खात वाढायची.

तानी अशीच जिवंत अळीत वाढलेली. गजरी मात्र बशीत वाढली, अंड्याचा बलक घातलेल्या दुधाच्या खिरीवर. त्यामुळे ती चांगली गुबगुबीत.

"अळीच्या पोटात कसे गं दिवस काढलेस?" गजरीने नाक मुरडलं.

"रोजचं भांडण!" तानी म्हणाली. "मी खायची, ती आतल्या आत मला दाबायची."

"शी! मला बाई सगळं आयतं."

पोटातली पिल्लं बाहेर सोडायची वेळ आली, तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाईंनी दोघींना फडात सोडलं. उसाच्या एका भोकाशी तानी थबकली. "हाच तो भांडखोर वास!" म्हणत तिने तिथे पिल्लं सोडली.

गजरी दुपारपर्यंत नुसती भिरभिरली. शेवटी दमून एका भोकाशी टेकली. आतून एक जाडजूड अळी डोकावली.

"मावशी, इथे बशी कुठे ठेवतात हो?"

"पुढच्या फडात गं बाळ," अळी प्रेमाने म्हणाली. "ऊन आहे, सावकाश जा."