थोरल्याचा वाटा

"पण पाळकसाहेब, अब्राहामाला राग आला नसेल का?"

सलाम करायच्या आधीच नथानिएल साळव्याने हा प्रश्न टाकला. पाळकसाहेब ओट्यावर जेवायला बसले होते. चर्चच्या सेवेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण मंडळीतली भांडणं अजून त्यांच्याच ओट्यावर येत.

"कशाचा राग?"

"पुतण्याचा, लोटाचा. दोघांच्या गुराख्यांची भांडणं व्हायला लागली, तेव्हा अब्राहाम थोरला असून म्हणाला, तू डावीकडं गेलास तर मी उजवीकडं जाईन. आणि लोटानं खुशाल पाण्याकडची जमीन घेतली. लाज वाटू नये?"

"तुझं काय झालं ते सांग."

झालं होतं ते असं. साळव्यांच्या घरात शेताच्या वाटणीची रीत ठरलेली : थोरल्याने वाटे करायचे, धाकट्याने आधी एक उचलायचा. नथानिएलने दोन वाटे केले. एकात विहीर आणि मुरमाड तुकडा, दुसऱ्यात चांगली काळी जमीन, पण कोरडी. मग पंचांसमोर पवित्र शास्त्र उघडून त्याने अब्राहामाचा तोच उतारा खड्या आवाजात वाचला. बायकांनी पदराने डोळे पुसले. नथानिएललाही आपलं कौतुक वाटलं असणार.

आणि धाकट्या सिलासने विहीर उचलली.

तेव्हापासून नथानिएल वाटणीपत्रावर सही करत नव्हता. भावाशी बोलणं बंद. सिलास दोनदा दारात येऊन म्हणाला, दादा, पाणी तुमच्याही पिकाला घ्या. दोन्ही वेळा नथानिएलने त्याच्या तोंडावर दार लावलं.

"ती विहीर मी खणलीय, साहेब. हात सोलून निघाले माझे. थोरल्यासाठी सोडावी, एवढं कळू नये त्याला?"

"म्हणजे त्यानं काय उचलायचं, ते तू आधीच ठरवलं होतंस."



पाळकसाहेबांनी ताटातली भाकरी मोडली. एका हातात मोठा तुकडा आला, दुसऱ्यात जेमतेम चतकोर. दोन्ही हात त्यांनी पुढे केले आणि डोळे मिटून घेतले.

"उचल."

या माणसाचे असले प्रकार नथानिएलला ठाऊक होते. तरी तो चिडला. त्याने मुद्दाम मोठा तुकडा घेतला.

पाळकसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. ठेचा चाचपला आणि हातात राहिलेला चतकोर खाऊ लागले.

"मोठा मी घेतला," नथानिएल म्हणाला.

"बरं केलंस. उन्हातून आलास, भूक लागली असेल."

...

"लोटानं नजर वर करून पाहिलं, असं लिहिलंय," घास गिळून पाळकसाहेब म्हणाले. "आता सांग. देव अब्राहामाला कधी म्हणाला, नजर वर कर?"

बायबलातलं अख्खं उत्पत्तीचं पुस्तक तोंडपाठ असल्याचा नथानिएलला कोण अभिमान. त्याने उत्तराला तोंड उघडलं आणि तसाच थांबला.

"लोट... निघून गेल्यावर."

"आणि तोवर अब्राहामाची नजर कुठं होती?"

"ते लिहिलेलं नाही."

"तू पंचांसमोर वाचत होतास, तेव्हा तुझी कुठं होती?"

नथानिएल हातातल्या भाकरीकडे बघत राहिला. खोटं बोलणं सोपं होतं. त्या वेळी त्याची नजर कोण बघत होतं?

"सिलासच्या हाताकडं," तो म्हणाला.

या एका उत्तरासाठी मला तो माणूस आवडतो.

मग नथानिएलने विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं :

"मग अब्राहामाशी बोलला तसा देव माझ्याशी का बोलत नाही, साहेब? सिलासला जाऊन तर महिना झाला. बिऱ्हाड हलवून तो विहिरीवर राहायला गेलाय."

पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

"गेला खरा. पण तू मनातून त्याला जाऊ कुठं दिलंस?"