ढाण्या आणि नवा मीटर

माणसं दारोदार फिरून पाण्याच्या मीटरवरचे आकडे टिपत, तेव्हाची गोष्ट. कुलथ्यांच्या फाटकाशी ढाण्या कुत्रा असा काही भुंके, की आकडेवाला आत न येताच परत फिरे.

"माझ्या हद्दीतून आकडासुद्धा बाहेर पडत नाही!" ढाण्या ऐटीत म्हणे.

मग शहरभर नवे मीटर बसले. महिना उलटला, तरी आकडेवाला फिरकला नाही.

"घाबरला बघ!" ढाण्या नव्या मीटरला म्हणाला.

"नाही रे दादा. आता आकडा मीच इथून हवेतून पाठवतो."

ढाण्या खवळला. दिवसभर हवेवर भुंकला. शेवटी घशाला कोरड पडली, तेव्हा कुलथेवहिनींनी नळाखाली त्याचं भांडं भरून दिलं. त्याने ते लपालपा संपवलं.

"झालं पिऊन?" मीटरने अदबीने विचारलं. "तेवढंही कळवलंय हं."