चार बोटे उणी कढई

फार पूर्वी शीतला नदीकाठच्या कांचीवन नगरात राजा अरिंदम राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व नदीपलीकडच्या गवळीवाड्यात जन्मला होता. त्याचे नाव सुनंद. वयात आल्यावर तो त्या वाड्याचा मुख्य झाला.

एका उन्हाळ्यात नगरातल्या गाईंवर रोग आला. गोठे ओस पडले आणि लेकरे दुधासाठी रडू लागली. गवळीवाड्यात दूध होते, पण माळावरचे गवत संपत आले होते आणि गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. तेवढ्यात राजाने दवंडी पिटवली. सकाळची घंटा व्हायच्या आत जे गाव चौकातल्या दूधशाळेची मोठी कढई ताज्या दुधाने काठोकाठ भरील, त्याला नदीकाठचे हिरवे कुरण मिळेल!

मग काय, गवळीवाडा कसला झोपतो! पहाटेच घागरी गरम पाण्याने खळखळून धुतल्या, उपड्या घालून त्यांना धुरी दिली. प्रत्येक घरचे दूध फडक्यातून गाळून मोठ्या घागरींत जमा झाले. वर स्वच्छ गवताची पेंडी ठेवली, म्हणजे गाडी कितीही हादरली तरी दूध हिंदकळत नाही. घागरींना ओली फडकी गुंडाळली, म्हणजे ते गार राहते. आणि सुटल्या की गाड्या! बैलांनासुद्धा त्या दिवशी चेव आला होता.

घाटावर होड्या तयारच होत्या. पण गवळीवाड्याची एक रीत होती. दुधाचा हात बदलला, म्हणजे ते गोठ्यातून गाडीत किंवा गाडीतून होडीत गेले, की प्रत्येक घागरीतले पळीभर दूध तापवून पाहायचे. त्या दिवशी घाईत गोठ्याशी ते राहून गेले होते. आताही सगळे म्हणू लागले, आजच्या दिवस जाऊ द्या, सूर्य वर येतोय. सुनंदाने मात्र तीन दगड मांडले आणि विस्तव केला. पहिली पळी उकळली, छान. दुसरी, तिसरी, छानच. शेवटच्या घागरीतली पळी तापली आणि दुधाच्या गुठळ्या झाल्या.

सुनंदाचा मेहुणा तुंडिल खाली मान घालून पुढे आला.

"दाजी, माझी गाय काल व्याली. तिचा चीक मी त्यात ओतला. माझ्याही गाईचं दूध कढईत पडावं असं वाटलं हो."

चीक म्हणजे व्यालेल्या गाईचे पहिले घट्ट दूध. वासराला ते अमृत, आणि त्याचा खरवस तर काय सांगावा! पण साध्या दुधात मिसळून तापवले, की सगळे दूध फाटते.

कच्चे आहे तोवर कोणाला कळतेय, असे एकजण म्हणाला. दूध फाटेल ते घरोघरच्या चुलीवर, तोवर कुरण आपले झालेले असेल. दुसरा त्याहून हुशार. ही घागर ठेवून जाऊ आणि तेवढे पाणी घालू, नदी तर समोरच आहे, असे तो म्हणाला. सुनंदाने आपल्या बैलांकडे पाहिले. तेही रोडावले होते. त्याला फार वाईट वाटले.

"कुरण मलाही हवंय," तो म्हणाला. "पण एखादी आई चूल पेटवून वाट बघत बसली असेल. तिच्या पातेल्यात हे फाटलं, नाहीतर नुसतं पाणीच निघालं, तर तिनं लेकराला काय पाजायचं?"

ती घागर घाटावरच्या नावाड्यांना दिली. त्यांनी गूळ घालून ती चुलीवर चढवली आणि बोटे चाटून संपवली.

होड्या निघाल्या. तुंडिल तर असा वल्हवत होता की अंगाला घामाच्या धारा लागल्या. पैलतीर आला, वेस आली, रस्त्यावर ही गर्दी! घागरी कावडीने नेणाऱ्या गवळ्यांमागे पोरे धावत होती. दूधशाळेत घागरीमागून घागर कढईत रिती होऊ लागली. दूध चढत गेले, चढत गेले, आणि शेवटची घागर संपली. कढई चार बोटे उणी राहिली. तेवढ्यात घंटा झाली.

राजाने कारण विचारले. चूक आमच्या वाड्याची, असे म्हणून सुनंदाने भर चौकात सगळे सांगितले. राजाला वाईट वाटले, पण अट ती अट. कुरण मिळाले नाही. दूध घरोघर गेले, आणि एकाही चुलीवर ते फाटले नाही.

दुसऱ्या दिवशी होड्या पुन्हा दूध घेऊन नगराच्या घाटाला लागल्या, तर घाटावर बायकांची रांग! प्रत्येकीच्या डोक्यावर हिरव्या गवताचा भारा. कोणी परसातले कापले होते, कोणी तळ्याकाठचे. कडेवर मूल घेतलेली एकजण पुढे आली.

"दादा, काल हे पोटभर पिऊन झोपलं. हे तुमच्या गाईंना घाला, आणि उद्याही या."

तुंडिल ढसाढसा रडला. त्या दिवसापासून होड्या दुधाने भरून येत आणि गवताने भरून जात. त्या उन्हाळ्यात गवळीवाड्यातली एकही गाय उपाशी राहिली नाही.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा तुंडिल म्हणजे आपला हा उतावळा भिक्षू मेंढक. राजा अरिंदम म्हणजे नियमांना जपणारे आपले ज्येष्ठ भिक्षू, स्थविर वज्रक. गवत आणणाऱ्या त्या स्त्रिया म्हणजे आज तुम्हाला भिक्षा वाढणाऱ्या याच गावच्या उपासिका. आणि सुनंद गवळी मीच होतो. त्या जन्मी मी सत्य पारमिता, म्हणजे सत्याचे व्रत, शेवटपर्यंत पाळली."